एका फोनवर वर्गाचा पॉडकास्ट

सहावीतली एक मुलगी वाचताना ओळीवर बोट ठेवायची आणि बोट थांबलं की तिचा आवाजही थांबायचा. "सलग वाच" हे मी तिला दोन वर्षं सांगत होते. एका दुपारी तिचं वाचन माझ्या फोनवर रेकॉर्ड केलं आणि तिलाच ऐकवलं. ती फोनकडे बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, हा माहा आवाज नाई होय." पुन्हा ऐकवलं. या वेळी म्हणाली, "मी मधातच काऊन थांबून रायली?" त्या दिवशी तो परिच्छेद तिनं सहा वेळा वाचला. मी एकदाही सांगितलं नव्हतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पॉडकास्ट सुरू झाला तो असा. पाचवी ते सातवीची ३१ मुलं, एक फोन आणि शाळेचा एक जुना संगणक एवढ्यावर आम्ही तीन वर्षं हे करतो आहोत. ज्या शिक्षकाला यंदा करून बघायचं आहे, त्याच्यासाठी हा सगळा क्रम लिहिते आहे.

पॉडकास्ट हा शब्द २००४ साली बेन हॅमर्स्ली या पत्रकाराच्या 'गार्डियन'मधल्या लेखात आला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' हे दोन शब्द जोडून तो बनलेला आहे. अर्थ साधा: हवं तेव्हा ऐकता येतील असे ध्वनिमुद्रित भाग. शिक्षक मित्र विचारतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "अपलोड कुठं करायचं?" माझ्या मते ते काम सगळ्यात शेवटचं आहे, आणि नाही केलं तरी चालतं. मूल स्वतःला ऐकतं, चूक स्वतःच पकडतं आणि पुन्हा करतं, शिकणं त्या फेऱ्यांमध्ये होतं. पुढची प्रत्येक पायरी मी याच हिशोबानं ठरवली आहे.

पहिले पंधरा दिवस फोन बाहेर काढू नका

आधी कान तयार व्हावे लागतात. रोज परिपाठानंतर दोन मिनिटं मुलांना डोळे मिटून बसवा. मग ऐकू आलेले आवाज वहीत लिहायला सांगा. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या वहीत चार-पाच आवाज होते: पंखा, पोट्टे, गाडी, चिमण्या. आठवड्याभरात याद्या चौदा-पंधरावर गेल्या. त्यात पिठाची गिरणी होती, पोषण आहाराच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, आपटलेला चमचा होता, धुऱ्यावरून (बांधावरून) ओरडणारी टिटवी होती. दुसऱ्या आठवड्यात तेच आवाज जवळचा, मधला, दूरचा असे मांडायला लावले. वर्णनात्मक लेखनाचा इतका चांगला सराव मला कोणत्याही स्वाध्यायात सापडलेला नाही.

याच काळात आकाशवाणीचं मराठी बातमीपत्र ऐकवा. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, त्यामुळे आमच्याकडच्या आजी-आजोबांचा कान रेडिओवरच घडलेला आहे. मुलांचा मात्र नाही. बातमी संपताना आवाज कुठं उतरतो, नावाच्या आधी निवेदक किती थांबतो, एवढेच दोन प्रश्न विचारा.

सामान

साधा स्मार्टफोन पुरतो. तारेचा, माइक असलेला इअरफोन जवळ ठेवा, पण तो मुख्यतः ऐकण्यासाठी. त्याचा माइक कपड्याला घासला की खरखर येते, म्हणून आम्ही बोलणं फोनच्याच माइकवर घेतो. तो माइक फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. मुलं फोन धरताना नेमका तिथंच तळहात ठेवतात, म्हणून फोन हातात देऊच नका. दोन पुस्तकांच्या थप्पीवर, खालची कड बोलणाऱ्याकडे करून ठेवा. अंतर एक वीत.

सुरू करण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. आमची एक सुंदर मुलाखत नवव्या मिनिटाला आलेल्या फोननं तोडली होती, आणि आजोबांनी ती गोष्ट पुन्हा तशी सांगितली नाही.

मेमरी कार्डवर जागा किती लागते, तेही सांगते. एका माइकचं, आकार कमी न केलेलं वेव्ह रेकॉर्डिंग मिनिटाला पाच एमबीच्या थोडं वर जातं. तेच ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच माइकच्या, एमपी३मध्ये अर्ध्या एमबीच्या आत बसतं. रेकॉर्ड करताना मोठी फाईल ठेवा, वाटताना लहान करा.

घुमणारी खोली आणि कापूस

या एका गोष्टीवर वेळ घालवा, कारण पहिलं रेकॉर्डिंग ऐकून शिक्षक नाउमेद होतात ते इथंच. आपल्या वर्गखोल्यांना सिमेंटच्या उघड्या भिंती, फरशी आणि वर टिनाचं किंवा स्लॅबचं छत असतं. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि फोन मूळ आवाजाबरोबर ते परत आलेले आवाजही पकडतो. ऐकताना मूल विहिरीतून बोलतं आहे असं वाटतं. महाग माइक घेऊन हे जात नाही. खोलीत मऊ, जाड, सच्छिद्र वस्तू आणल्या की जातं.

हे मला एका कास्तकाराच्या घरी कळलं. डिसेंबर होता, भाव चढेल या आशेनं त्यांनी समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता. त्या खोलीच्या दारात उभी राहून मी मुलाला हाक मारली तर आवाज अगदी जवळचा, कोरडा ऐकू आला. कुठंच घुमला नाही. कापसाच्या धाग्यांमधल्या हवेत आवाजाची ऊर्जा जिरते. पण मुलांना घेऊन कापसाच्या खोलीत बसू नका. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, आणि त्याला आगीचं भय असतं. तोच कापूस गादीत भरलेला असतो, तो वापरा.

आमचा स्टुडिओ असा आहे: खोलीचा एक कोपरा, दोन्ही भिंतींना उभ्या टेकवलेल्या दोन गाद्या, खाली सतरंजी आणि बाकावर टाकलेली वाकळ. बोलणाऱ्याचं तोंड कोपऱ्याकडे, म्हणजे गादीकडे. एका पालकानं गाद्या दिल्या, पैसा लागला नाही. गाद्या नसतील तर मुलांची दप्तरं आणि स्वेटर भिंतीशी रचा. थोडा फरक त्यानंही पडतो.

पंखा बंद ठेवा. वीज गेली की आम्ही धावत रेकॉर्डिंगला बसतो, कारण त्या वेळी पंखे थांबतात आणि गावातल्या गिरण्याही. जुलै-ऑगस्टमध्ये टिनावर पाऊस पडत असेल तर त्या दिवशी रेकॉर्डिंगचा नाद सोडा, त्याऐवजी लिखाण करा. बाहेर वावरात बोलायचं असेल तर फोनच्या खालच्या टोकावर पातळ पायमोजा चढवा, वाऱ्याचा फडफडाट बराच कमी होतो.

काय बोलायचं?

'माझा आवडता सण' असा विषय दिला की निबंधच येतो, तोही पाठ केलेला. म्हणून आम्ही विषय देत नाही, प्रश्न शोधतो. गावात कोणाला तरी ठाऊक आहे आणि आपल्याला ठाऊक नाही, असा प्रश्न. नळ येण्याआधी पाणी कुठून आणायचे? गावातली पहिली सायकल कोणाची? पोळ्याला तोरणाखाली झडत्या (पोळ्याची कवनं) म्हणणारा माणूस त्या कुठं शिकला? भुलाबाईची, म्हणजे भोंडल्यासारख्या मुलींच्या सणाची, गाणी म्हणणाऱ्या आता किती जणी उरल्या, आणि खाऊ ओळखायचा खेळ त्या कसा खेळायच्या?

प्रश्न विचारायला शिकवणं हे मराठीच्या तासाचं काम आहे. पहिल्या खेपेला मुलांनी आजीला विचारलं, "तुमच्या वेळी पोळा कसा असायचा?" उत्तर आलं, "लय मज्जा याची." मुलाखत तिथंच संपली. मग वर्गात बसून तो प्रश्न आम्ही बदलला: "आजी, पोळ्याच्या दिवशी सकाऊन उठल्यावर तू पयले काय कराची?" या प्रश्नावर आजी अकरा मिनिटं बोलली. आदल्या दिवशीची खांदशेकणी, म्हणजे बैलाचे खांदे शेकणं, हळद-तूप लावताना बैल कसा मान खाली घालायचा, सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, घरात बसवून जेवू घालायचं, सगळं आलं. 'कसं होतं' विचारलं की माणूस मत सांगतो. 'पयले काय केलं' विचारलं की त्याला प्रसंग आठवतो.

आमचे दोन नियम आहेत. कागदावर तीनच प्रश्न लिहायचे, चौथा उत्तरातूनच काढायचा, मग तो नुसता "मग?" असला तरी चालेल. आणि उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात तीन अंक मोजायचे. म्हातारी माणसं थांबतात आणि पुन्हा बोलतात, खरी गोष्ट पुष्कळदा त्यानंतरच येते.

भागाची लांबी तीन ते पाच मिनिटं. आमचा पहिला भाग २२ मिनिटांचा होता, आणि तो बनवणाऱ्या मुलांनीही पुन्हा पूर्ण ऐकला नाही. आमची मुलं मिनिटाला साधारण शंभर शब्द वाचतात, म्हणजे निवेदनाला एक मिनिट दिलं तर शंभरच शब्द लिहायचे. या मर्यादेनं जो काटेकोरपणा येतो तो "थोडक्यात लिहा" असं सांगून येत नाही.

कोणत्या भाषेत?

याबद्दल माझं मत पक्कं आहे. मुलाखत घरच्या बोलीतच व्हावी. आमच्या वर्गात बहुतेकांच्या घरी वऱ्हाडी, तांड्यावरून येणाऱ्यांच्या घरी गोरमाटी (बंजारा बोली) आणि कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, मुलांच्या घरी कोलामी आहे. पोडावरचा एक मुलगा वर्गात दोन वर्षं जवळपास गप्प होता. त्यानं आजोबांना कोलामीत मोहफुलं वेचण्याबद्दल विचारलं. मग तीच गोष्ट त्यानं वर्गासाठी मराठीत सांगितली, आणि प्रत्येक वाक्याला थांबून आजोबांचा नेमका शब्द मराठीत कसा आणायचा याचा विचार केला. एरवी जो मुलगा 'हो' आणि 'नाही'च्या पुढे जात नव्हता, तो त्या दिवशी दुभाषी झाला. मुलं त्याला अर्थ विचारत होती आणि तो सांगत होता.

म्हणून प्रत्येक भागाची रचना आम्ही अशी ठेवली आहे: प्रमाण मराठीत छोटं निवेदन, बोलीत मुलाखत, शेवटी पुन्हा प्रमाण मराठीत मुलाचं स्वतःचं म्हणणं. 'मले' कुठं आणि 'मला' कुठं हे व्याकरणाचा धडा न घेता मुलांच्या लक्षात येतं, कारण निवेदन लिहिताना त्यांना ते ठरवावंच लागतं. एखाद्या पाहुण्यानं "मुलांची भाषा आधी शुद्ध करा" असं म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. आजीचं "इहीर" आम्ही कधी "विहीर" करत नाही.

रेकॉर्डिंगचा दिवस

चार मुलांचा गट करा: बोलणारा, विचारणारा, फोन सांभाळणारा आणि कान देऊन ऐकणारा. ऐकणाऱ्याचं काम सगळ्यात अवघड, म्हणून ते दर वेळी वेगळ्या मुलाला द्या. "थांब, कोंबडा ओरडला" असं म्हणायचा अधिकार त्याचाच.

सुरुवातीला दहा सेकंद कोणीही बोलायचं नाही, फोन चालू ठेवायचा. हा खोलीचा नुसता आवाज पुढे संपादनात लागतो. चूक झाली की फोन बंद न करता एक टाळी वाजवायची, दोन सेकंद थांबायचं आणि ते वाक्य पहिल्यापासून बोलायचं. संगणकावर टाळीचा उंच काटा लगेच दिसतो, त्यामुळे कुठं कापायचं ते शोधावं लागत नाही. टाळीचा दुसरा फायदा मला नंतर कळला. चूक झाली की मुलं आधी गोठायची, आता टाळी वाजवून पुढे जातात.

प, फ, ब, भ ही अक्षरं माइकवर फटकन आदळतात. मुलांना तोंडासमोर तळहात धरून 'पाणी', 'फळा', 'बैल', 'भाकर' म्हणायला लावा, श्वासाचा झोत हाताला लागतो. मग तोंड फोनच्या थोडं बाजूला वळवून बोलायला सांगा. 'ब' आणि 'भ' लिहिताना गोंधळणाऱ्या दोन मुलांना तो फरक पहिल्यांदा हातावर जाणवला, आणि वहीतली ती चूक हळूहळू कमी झाली.

संपादन

संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. एक अडचण आधीच सांगते: बरेच फोन एम४ए प्रकारची फाईल बनवतात, आणि विंडोजवर ऑडॅसिटीला ती उघडायला एफएफएमपेग नावाची जोड लागते. ती बसवा, किंवा फोनच्या रेकॉर्डरमध्ये वेव्ह हा पर्याय असेल तर तोच निवडा. संगणक नसेल तर फोनवर कापाकापी करणारं कोणतंही साधं ॲप चालेल.

क्रम असा. पूर्ण ऐका. टाळ्यांच्या जागी चुकलेला भाग कापा. सुरुवातीच्या दहा सेकंदांतला नुसता आवाज निवडून नॉइज रिडक्शनला (मागचा आवाज कमी करणाऱ्या सोयीला) तो ओळखू द्या, मग सगळी फाईल निवडून तोच परिणाम द्या. हात हलका ठेवा, जास्त केलं की माणूस डब्यातून बोलल्यासारखा होतो. त्यानंतर नॉर्मलाइझ करून, म्हणजे सगळ्या आवाजाची पातळी एकदम वर-खाली करून, सर्वांत उंच टोक उणे एक डेसिबलवर आणा. शेवटी ६४ केबीपीएस मोनो एमपी३. पाच मिनिटांचा भाग अडीच एमबीच्या आत बसतो आणि गावातल्या कमकुवत नेटवरही जातो.

काय कापायचं हे मुलांना ठरवू द्या, पण आजीचं थांबणं कापू देऊ नका. मुलं उत्साहानं सगळ्या मोकळ्या जागा काढून टाकतात, आणि मग आजी घाईत बोलल्यासारखी वाटते. "आजी अशी बोलते का?" एवढं विचारलं की मुलं स्वतःच त्या जागा परत आणतात.

सुरुवातीच्या धुनेसाठी सिनेमाचं गाणं घेऊ नका, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आमच्या भागात भजनी मंडळ म्हटलं की खंजिरी आलीच. आमच्या मुलांनी खंजिरी आणि टाळ यांचा बारा सेकंदांचा ठेका वाजवला, तोच आमची ओळख आहे.

गावापर्यंत

सगळ्या घरी स्मार्टफोन नाही, आणि असला तरी तो वडिलांबरोबर वावरात असतो. म्हणून भाग सर्वांत आधी शाळेच्या स्पीकरवर, शनिवारच्या परिपाठात. नंतर पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर, तोही डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाईलचं नाव टिकतं आणि नंतर शोधता येते. नेट नसलेल्यांना ब्लूटूथवर द्या. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर लावायचा मोह होईल. आम्ही एकदाच लावला, ज्यांचा आवाज होता त्यांना विचारून.

इंटरनेटवर टाकायचंच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गूगल पॉडकास्ट ही सेवा २०२४ साली बंद झाली. बाहेरची घरं अशी बदलत राहतात. मूळ फाईल शाळेच्या पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा.

संमतीबद्दल कडक राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे. आम्ही पालकसभेत मराठीतला एक कागद मोठ्यानं वाचतो आणि दोन वेगळ्या सह्या घेतो: एक गावापुरती, दुसरी इंटरनेटसाठी. दुसरी सही न करणारे पालक बरेच असतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. भागात मुलांची नावं नसतात, "सहावीतली मुलगी" एवढंच असतं. मुलालाही विचारा. सही पालकांची असली तरी आवाज मुलाचा आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. पाचवीतल्या मुलीनं आईला कापूस वेचणीबद्दल विचारलं. बोलता बोलता आई घरावरच्या कर्जाबद्दल बोलू लागली, नंतर रडली. मुलीनं फोन बंद केला नाही, कारण तीन अंक मोजायचे असं मीच शिकवलं होतं. ते रेकॉर्डिंग आम्ही कोणालाही ऐकवलं नाही. मी त्या घरी जाऊन बसले, फाईल आईच्या फोनवर दिली आणि शाळेच्या संगणकावरून त्यांच्यासमोर पुसली. तेव्हापासून मुलाखतीला जाण्याआधी मुलांना आणखी एक गोष्ट सांगते: समोरच्याचा आवाज जड झाला की फोन उलटा ठेवायचा आणि नुसतं जवळ बसायचं. आपल्या भागात शेतीच्या गप्पा कधीही तिथं पोचू शकतात, शिक्षकानं त्याची तयारी आधीच ठेवावी.

तपासायचं कसं?

गुण देऊ नका. जुलैत प्रत्येक मुलाकडून अर्ध्या पानाचा एकच उतारा वाचून घ्या, जानेवारीत तोच उतारा पुन्हा. दोन्ही फाईली मुलासोबत बसून ऐका. मी तीन गोष्टी ऐकते: शब्द स्पष्ट आहेत का, थांबणं अर्थाच्या ठिकाणी आहे का, आणि चुकल्यावर मूल स्वतः मागे येऊन सुधारतं का. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पालकसभेत हे दोन तुकडे लागोपाठ लावले की प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त कळतं.

वर्षाचं गणित

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै ऐकण्यात आणि पहिल्या वाचनात जातो. श्रावणी अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हा पहिला भाग. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, तेव्हा दुसरा. दिवाळीनंतर कापूस वेचणीमुळे हजेरी कमी होते, मोठी माणसंही दिवसभर वावरात असतात. त्या महिन्यात मुलाखती ठरवू नका, जमलेल्या फाईली संपादित करा. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघाल्यावर लोकांना सवड मिळते, तीन-चार भाग तेव्हा होतात. मार्चच्या मध्यानंतर पंखा बंद करून कोपऱ्यात बसणं मुलांच्या अंगावर येतं, म्हणून रेकॉर्डिंग थांबवा. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते. सातला, ऊन चढायच्या आत, कडुनिंबाखाली सतरंजी टाकतो आणि वर्षभराचे सगळे भाग पहिल्यापासून लावतो. गावातली म्हातारी माणसंही येऊन बसतात.